वाऱ्यावरील आरोपपत्र

सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे-चाळकेवाडीचे सडे असोत की धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्याचे ब्राह्मणवेलचे माळ असोत, तेथे पवनचक्क्या उभ्या राहून वीस-पंचवीस वर्षांचा काळ लोटला आणि महाराष्ट्रातील पवनविजेची स्थापित क्षमता पाच हजार मेगावॅटच्या घरात गेली. तरीही खेड्याच्या माथ्यावर निर्माण होणारी ही वीज राज्याच्या ग्रीडमध्ये सामावून घ्यावी किंवा नाही, आणि घ्यावयाची तर कोणाच्या खर्चाने व कोणाच्या जोखमीवर, हा वाद काही मिटत नाही. इतकेच नव्हे, तर ज्यांच्या शब्दाला या विषयात वजन आहे अशा जाणत्या मंडळींकडून त्यातला एक पूर्वपक्ष इतक्या आत्मविश्वासाने मांडला जातो की, त्याची उलटतपासणी सहसा कोणी करीत नाही. तो पूर्वपक्ष थोडक्यात असा: वारा लहरी आहे; लहरी पुरवठ्यावर राज्याचा कारभार चालत नाही; हवा असतो तेव्हा तो पडतो आणि नको असतो तेव्हा सुटतो; त्याची वीज डोंगरावरून खाली आणण्यासाठी ओढलेली तार वर्षाचा बहुतेक काळ रिकामी लोंबकळते; सबब ज्याला पवनचक्की उभारण्याची हौस आहे त्याने तारही आपली आपण ओढावी, आणि ग्रीडला सोयीचे असेल तेव्हाच आपली वीज तिच्यात सोडावी. यातले एकेक विधान सुटे घेतले तर त्यात सत्याचा अंश आहे, हे मी आरंभीच मान्य करतो. परंतु या विधानांची जी बेरीज मांडली जाते ती चुकीची आहे, आणि त्या चुकीचा भुर्दंड सड्याखालच्या गावांना व वीजबिल भरणाऱ्या सर्वांनाच बसतो, हे मला दाखवावयाचे आहे.

लहरीपणाचा आरोप करणारे असे गृहीत धरतात की, पवनचक्क्या येण्यापूर्वी ग्रीड म्हणजे ठरल्या वेळी ठरले तेवढेच देणारे-घेणारे एक शिस्तीचे दफ्तर होते. प्रत्यक्षात ग्रीडचा जन्मच अनिश्चिततेच्या पोटी झाला आहे. ज्या क्षणी वीज वापरावयाची त्याच क्षणी ती निर्माण झाली पाहिजे, आणि या दोहोंचा मेळ जराही बिघडला की पन्नास हर्ट्‌झची वारंवारता ढळू लागते, हा या व्यवस्थेचा मूळ निर्बंध आहे; पण दिवेलागणीला दिव्याची कळ दाबणारा, वळीव येताच पंखा बंद करणारा किंवा लाइट आली म्हणून रात्री दोन वाजता विहिरीवर जाऊन मोटार चालू करणारा यांपैकी कोणीही कळव्याच्या राज्य भार प्रेषण केंद्राची आगाऊ परवानगी घेत नाही. मागणीची ही लहर ग्रीड जन्मापासून सोशीत आली आहे. पुरवठ्याची लहरही तिला नवी नाही. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रातला पाचशे मेगावॅटचा एखादा संच बॉयलरची नळी फुटल्यामुळे बंद पडतो तेव्हा तो पूर्वसूचना देऊन पडत नाही. सगळी पाचशे मेगावॅट एका झटक्यात जातात, आणि त्या क्षणाला पुरे पडावे म्हणून दुसरे कोणते तरी संच हाताशी राखून ठेवावेच लागतात. उलटपक्षी, अनेक डोंगरांवर विखुरलेल्या शेकडो चक्क्यांचा वारा एकाच क्षणी पडत नाही; तो तासा-दोन तासांत हळूहळू ओसरतो, आणि ओसरणार हे हवामानाच्या नकाशावरून बऱ्याच अंशी आधी कळते. जो आधी कळवून हळूहळू जातो त्याला लहरी म्हणावयाचे आणि जो न कळवता क्षणात कोसळतो त्याला भरवशाचा म्हणावयाचे, हा न्याय मला तरी उलगडलेला नाही.

या देशाने पाहिलेले मोठे अंधार आठवून पाहावेत. ३० व ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर भारताचे जाळे लागोपाठ दोनदा कोसळले आणि दुसऱ्या दिवशी साठ कोटींहून अधिक लोकसंख्या असलेला मुलूख विजेवाचून राहिला. त्याच्या मुळाशी काही राज्यांनी वाट्याहून अधिक ओढलेली वीज आणि त्या ओझ्याखाली ट्रिप झालेली बिना-ग्वाल्हेर ही ४०० केव्हीची वाहिनी होती. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई बंद पडली ती कळवा-पडघे पट्ट्यातील वाहिन्या एकामागून एक निकामी झाल्यामुळे. दोन्ही प्रसंगी आरोपीच्या पिंजऱ्यात तार आणि तारेचा कारभार होता. वाऱ्याचे नाव चौकशीत कोणी घेतले नाही, कारण घेण्यासारखे काही नव्हते.

त्यातही वाऱ्याला मोकाट सोडलेले आहे अशातला भाग नाही. राज्य वीज नियामक आयोगाने २०१८ साली पवन व सौर विजेच्या पूर्वानुमानाचे व वेळापत्रकाचे विनियम केले. त्यांनुसार दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे शहाण्णव भाग पाडून प्रत्येक भागात किती वीज येईल हे आगाऊ लिहून द्यावे लागते, आणि प्रत्यक्ष उत्पादनाचा फरक पंधरा टक्क्यांपलीकडे गेला की चढत्या भाजणीने दंड भरावा लागतो. येत्या गुरुवारी सायंकाळी सव्वासात ते साडेसात या पाव तासात आपण किती वीज जाळणार आहोत हे लेखी देण्याची सक्ती मुंबईतल्या एखाद्या वातानुकूलित मनोऱ्यावर कोणी केल्याचे माझ्या तरी कानावर नाही.

आता पूर्वपक्षातल्या सर्वांत वजनदार मुद्द्याकडे वळतो, कारण तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. महाराष्ट्रात वाऱ्याचा भर जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत असतो. वर्षाच्या पवनविजेचा मोठा हिस्सा तेव्हाच हाती येतो. आणि नेमक्या त्याच दिवसांत शेतीपंप थांबलेले, पंखे मंदावलेले, म्हणून राज्याची मागणी उतरलेली असते. वैशाखातल्या कडक सायंकाळी, जेव्हा विजेची खरी ओढाताण असते, तेव्हा सड्यावरची पाती पुष्कळदा निश्चल असतात. हे सर्व खरे आहे. परंतु यावरून पावसाळ्यातली वीज निरुपयोगी ठरते असे मानणाऱ्याने वनकुसवड्याच्या सड्याच्या कडेला उभे राहून एकदा खाली पाहावे. तेथे कोयनेचा शिवसागर पसरलेला आहे, आणि या वादाचे अर्धे उत्तर त्या पाण्यात आहे.

कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता १९६० मेगावॅट आहे. तिचे मोल तिच्या आकारापेक्षा तिच्या चपळाईत अधिक आहे. कोळशाच्या संचाला तापायला तास लागतात, कोयनेचे संच काही मिनिटांत पुऱ्या भाराला येतात, आणि म्हणूनच सायंकाळच्या शिखर मागणीला राज्य कोयनेकडे डोळे लावून बसते. पण कृष्णा पाणी तंटा लवादाने वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवावयाच्या कोयनेच्या पाण्यावर वार्षिक ६७.५ टीएमसीची मर्यादा घातलेली आहे, आणि ते वर्ष १ जून ते ३१ मे असे मोजले जाते. म्हणजे जुलै-ऑगस्टच्या मध्यरात्री वीजगृहातून सोडलेला प्रत्येक घनफूट एप्रिल-मेच्या सायंकाळच्या शिलकीतून वजा होतो. आता साधा हिशेब मांडू. पोफळीकडच्या उतारावरून सुमारे पावणेपाचशे मीटर खाली पडणाऱ्या एक टीएमसी पाण्यातून ढोबळमानाने तीन-सव्वातीन कोटी युनिटे वीज होते. वनकुसवड्याच्या सड्यावर सुमारे अडीचशे मेगावॅटच्या पवनचक्क्या आहेत असे धरले आणि त्या वर्षभर आपल्या क्षमतेच्या केवळ पाचव्या हिश्श्याने चालतात असे कंजूष गृहीत घेतले, तरी वर्षाला चव्वेचाळीस कोटींच्या आसपास युनिटे होतात. म्हणजे तेरा-चौदा टीएमसी पाण्याची वीज. लवादाने ठरवून दिलेल्या वार्षिक वाट्याच्या एकपंचमांश इतके हे प्रमाण पडते. ही सगळी युनिटे कोयनेचेच पाणी वाचवितात असा माझा दावा नाही. त्यांतली कितीतरी कोळशाच्या जागी खपतात. पण वाऱ्याची वीज घेऊन पाणी राखावे आणि राखलेले पाणी उन्हाळ्यात खर्चावे, ही सोय एकाच पाटण तालुक्यात, एकाच डोंगराच्या माथ्यावर आणि पायथ्याशी निसर्गाने करून ठेवली असता, तिचा उपयोग करून न घेणाऱ्याने वाऱ्याला अवेळी येणारा म्हणून दूषण द्यावे, हे विलक्षण आहे.

आणि कोळशाचे काय? पावसाळ्यात खाणींत पाणी शिरते, कोळसा ओला येतो, चिखलासारखा चिकटून बसतो, आणि संच कमी भाराने चालवावे लागतात, ही तक्रार विदर्भातील औष्णिक केंद्रांकडून दरसाल येते. ज्या दिवसांत कोळसा भिजतो त्याच दिवसांत वारा सुटतो. औष्णिक संच पंचावन्न टक्क्यांच्या तांत्रिक किमान भारापर्यंत खाली आणता आले पाहिजेत असा नियम केंद्रीय वीज नियामक आयोगाने २०१६ सालीच घालून दिला आहे. तेव्हा मागणी उतरली म्हणून आधी पवनचक्की थांबवावी, ही सक्तीची गोष्ट नसून सवयीची आहे. टाटांनी १९१५ साली खोपोलीचे वीजगृह चालू करून घाटमाथ्यावरच्या पावसावर मुंबईच्या गिरण्या चालविल्या, तेव्हा पाऊस लहरी आहे म्हणून त्याची तार ओढू नये असे म्हणणारे त्या काळीही असतीलच. त्यांचे कोणी ऐकले नाही, हे मुंबईचे नशीब.

चक्क्यांमुळे विजेचा दाब (व्होल्टेज) बिघडतो, असाही एक आक्षेप घेतला जातो; तो मात्र मी एका मर्यादेपर्यंत निमूटपणे स्वीकारतो. पहिल्या पिढीच्या सव्वादोनशे-साडेतीनशे किलोवॅटच्या चक्क्यांतील जनित्रे स्वतःच्या चुंबकनासाठी ग्रीडकडूनच प्रतिघाती शक्ती ओढीत. कपॅसिटर नादुरुस्त असले की ३३ केव्हीच्या वाहिनीचा दाब खाली येई, आणि वाहिनीवर कोठे दोष उद्भवला की सगळ्या चक्क्या एकदम हात झटकून बाजूला होत, म्हणजे आधाराची गरज असतानाच आधार नाहीसा होई. हा दोष खरा होता आणि त्यावर उपायही झाला. केंद्रीय वीज प्राधिकरणाने जोडणीच्या तांत्रिक मानकांत २०१३ साली दुरुस्ती करून नव्या पवनप्रकल्पांवर असे बंधन घातले की, जोडणीच्या ठिकाणचा दाब पंधरा टक्क्यांपर्यंत कोसळला तरी तीनशे मिलिसेकंद त्यांनी जाळे सोडता कामा नये. नव्या यंत्रांतील इलेक्ट्रॉनिक परिवर्तक हे करतात, आणि शिवाय दाब सावरण्यास मदतही करतात. जुन्या यंत्रांचे अपराध नव्या यंत्रांच्या नावावर चढविणे म्हणजे आजोबांच्या कर्जासाठी नातवाच्या घरावर जप्ती आणणे आहे.

उरतो तारेचा खर्च. येथे प्रतिपक्ष २००३ च्या वीज कायद्यातील दहावे कलम पुढे करतो: वीजकेंद्रापासूनची समर्पित वाहिनी व उपकेंद्र बांधणे हे निर्मिती कंपनीचे कर्तव्य आहे. कलम बरोबर उद्धृत केलेले असते. पण कायद्याचे पुस्तक दहाव्या कलमाशी मिटून ठेवण्याची घाई का, हे कळत नाही. त्याच कायद्याचे एकोणचाळिसावे कलम राज्याच्या पारेषण संस्थेवर निर्मितिकेंद्रापासून भारकेंद्रापर्यंत वीज सुरळीत वाहावी अशी कार्यक्षम, सुसूत्र व काटकसरीची यंत्रणा विकसित करण्याचे दायित्व टाकते, आणि शहाऐंशीव्या कलमाचा (१)(ई) हा खंड राज्य आयोगाला नवीकरणीय स्रोतांपासूनच्या विजेच्या ग्रीडजोडणीसाठी योग्य त्या उपाययोजना करावयास सांगतो. सड्यावरून पायथ्याच्या उपकेंद्रापर्यंतची तार विकासकाची, हे कबूल. परंतु त्या उपकेंद्रापलीकडची वाहिनी भरून गेली, रोहित्र अपुरे पडू लागले, तर ते वाढविण्याचे काम कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर कायद्याने दिलेले असताना ते वाऱ्याच्या लहरीत शोधण्याचे प्रयोजन नाही. अडचण काळाच्या गणिताची आहे. पवनचक्क्यांचा ताफा वर्ष-दीड वर्षात उभा राहतो. २२० केव्हीची वाहिनी मंजुरी, मोजणी, निविदा आणि मनोऱ्यांच्या जागा यांतून पार पडेपर्यंत त्याच्या दुप्पट-तिप्पट काळ जातो. ज्याला वाऱ्याचे पठार कोठे आहे हे ठाऊक आहे त्याने वाहिनी आधी योजावी, हे सांगण्यास तज्ज्ञ लागत नाही, आणि २०१५-१६ च्या सुमारास केंद्राने आखलेल्या हरित ऊर्जा मार्गिकेच्या योजनेत, जिच्यात महाराष्ट्रही होता, हीच कल्पना होती. राहिला तार रिकामी लोंबकळण्याचा मुद्दा. तर त्याच उपकेंद्राच्या त्याच जोडणीवर सौरपट्टे जोडण्यास कोणती हरकत आहे? ऊन उन्हाळ्यात आणि दिवसा, वारा पावसाळ्यात आणि रात्रीही. दोघांनी मिळून एक तार वापरली तर ती रिकामी राहण्याचे तास पुष्कळ घटतात.

तार रखडली की पारेषणाच्या दफ्तरातून एक ठरलेले कारण पुढे येते: शेतकरी मनोरा उभारू देत नाहीत. या वाक्यात एका संबंध वर्गावर ठपका ठेवलेला असल्यामुळे ते जरा बारकाईने तपासले पाहिजे. वीज कायद्याच्या एकशे चौसष्टाव्या कलमान्वये पारेषण संस्थेस १८८५ च्या तार कायद्यातील अधिकार मिळू शकतात; म्हणजे शेत संपादन न करता, सातबाऱ्यावर मालकाचे नाव तसेच ठेवून, त्याच्या उभ्या पिकात मनोरा रोवता येतो आणि द्यावयाची ती केवळ नुकसानभरपाई. साहेबाच्या तारायंत्राच्या लाकडी खांबासाठी केलेली ही तरतूद चार पायांच्या पोलादी मनोऱ्याला लागू करताना जमिनीचे मोल बदलत नाही असे मानावयाचे होते. केंद्र सरकारने २०१५ साली मार्गदर्शक सूचना काढून मनोऱ्याच्या पायाखालील जमिनीसाठी मूल्याच्या पंचाऐंशी टक्के आणि तारेखालील पट्ट्यासाठी पंधरा टक्क्यांपर्यंत मोबदला सुचविला, आणि २०२४ साली तो अनुक्रमे दोनशे व तीस टक्क्यांपर्यंत वाढविला. म्हणजे शेतकरी इतकी वर्षे जे म्हणत होता ते रास्त होते, असे सरकारनेच लिहून दिले. परंतु या सूचना ६६ केव्ही व त्याहून वरच्या वाहिन्यांपुरत्या आहेत. पवनचक्कीपासून उपकेंद्रापर्यंत जाणाऱ्या ज्या तारा डोंगरउतारावरच्या नाचणी-वरीच्या तुकड्यांवरून जातात त्या ३३ केव्हीच्या, आणि त्यांच्याखालचा शेतकरी या सूचनांच्या बाहेर राहतो. त्याने आडवे येऊ नये अशी अपेक्षा ठेवणाऱ्यांनी त्याला आत घेण्याची दरखास्त कधी केली आहे काय?

येथवर मी एका बाजूच्या प्रतिपक्षाशी बोललो. दुसरीकडचाही एक आहे, आणि त्याचे ऋण मानूनही त्याच्याशी असहमत व्हावे लागते. गावचा माणूस म्हणतो: चक्की आमच्या डोक्यावर फिरते, वीज पुण्या-मुंबईला जाते आणि आमच्या घरात अंधार. (चक्क्यांनी ढग पळवून लावले हा दुष्काळी वर्षांत सातारा-सांगलीकडे पसरलेला समज मी या तक्रारीत धरीत नाही, ज्या सड्यावर आषाढात ढग चक्कीच्या कमरेखाली लोळतात तेथे तो फार काळ तगणेही शक्य नव्हते.) ही तक्रार जुनी आहे आणि तिच्यामागे इतिहास आहे. १९२१ साली मुळशीच्या मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह मांडला आणि सेनापती बापट त्यात उतरले, तेव्हाही जमीन एकाची आणि उजेड दुसऱ्याचा, हेच दुखणे होते. मात्र यातील एक समजूत सुधारली पाहिजे. जाळ्यात शिरलेली वीज कोणाच्या नावाने प्रवास करीत नाही. ती जवळच्या भाराकडे आधी वळते, आणि सड्यावरची पुष्कळशी वीज प्रत्यक्षात जिल्ह्यातच खपत असली पाहिजे. गावच्या ११ केव्हीच्या वाहिनीवर अख्खा प्रकल्प जोडावा ही मागणीही टिकणारी नाही: ती तार एक-दोन मेगावॅटच्या हिशेबाने ओढलेली असते, रात्री गावाचा भार नगण्य असताना जोराचा वारा सुटला तर घराघरांतला दाब मर्यादेबाहेर चढेल, आणि वाहिनी बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव चक्कीकडून येणाऱ्या विजेने जाईल. ग्रीड गेली की चक्कीही थांबते ती याच कारणाने. त्यात गावाशी वैर नाही.

पण एवढे सांगून गावकऱ्याचे तोंड बंद करू पाहणाऱ्या अभियंत्यालाही मी सोडणार नाही. भारनियमन हे विजेच्या स्वभावधर्माने होत नाही. ते वाहिनीवार ठरते, आणि ठरविताना महावितरण त्या वाहिनीवरील गळती व वसुली यांवरून गट पाडते. शेतीच्या वाहिनीला थ्री-फेज वीज दिवसा की रात्री, आणि किती तास, हेही वेळापत्रकच ठरविते. म्हणजे डोंगरावरची वीज डोंगराखाली का पोचत नाही याचे कारण तारेत नसून हुकुमात आहे. लहान प्रमाणावर थेट जोडणी अशक्य आहे असेही आता म्हणता येत नाही, कारण २०१७ पासूनच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत काही मेगावॅटचे सौर प्रकल्प गावच्या उपकेंद्रांना जोडून शेतीला दिवसा वीज देण्याचे काम चालू झाले आहे. जे उन्हाला जमले ते योग्य संरक्षक यंत्रणा बसवून थोड्या वाऱ्यालाही जमेल. ज्या उपकेंद्राच्या हद्दीत पवनचक्क्या आहेत तेथील गावठाणाच्या व शेतीच्या वाहिन्यांना भारनियमनाच्या गटांतून वगळावे, आणि त्या काही वाहिन्यांचा भार, जो प्रकल्पाच्या क्षमतेपुढे फारसा नसतो, इतर वाहिन्यांवर वाटून द्यावा, एवढीच ही गोष्ट आहे. यावर पक्षपाताचा आक्षेप येईल. पण बिले थकली म्हणून एका वाहिनीला अधिक अंधार देणारी वाटणी जर पक्षपात ठरत नसेल, तर मनोरे, रस्ते, खडी वाहणारे डंपर आणि रात्रंदिवसाची घरघर सोसणाऱ्या वाहिनीला अधिक उजेड देणारी वाटणीही ठरू नये. तिच्यासाठी नवा कायदा नको, नवी तारही नको. आयोगापुढे एक याचिका पुरते, आणि महावितरणला ती करावयाची नसेल तर पाटण व साक्रीच्या ग्रामपंचायतींनी ठराव करून स्वतः दाखल करावी.